लोखंडी मांडणीवरची स्ट्रॉबेरी

आमच्या खाणीच्या कॉलनीत ब्लास्टिंग झालं की कुणाला सांगावं लागत नाही. जमिनीखाली धक्का बसतो, तो तळपायांतून वर येतो, स्वयंपाकघरातली ताटं एकमेकांवर खणखणतात आणि मग सगळं शांत होतं. चिखल्याची पोरं झोपेतसुद्धा दचकत नाहीत, असं बाबा पाहुण्यांना सांगतात. ताईही कधी दचकली नव्हती. लग्न होऊन कारध्याला गेली आणि परत आली, तेव्हा दचकायला लागली.

ब्लास्टिंगला नाही. माझ्या स्ट्रॉबेरीच्या पेटीला.

ती पेटी मी त्या वर्षी दिवाळीआधी मागवली होती. घरातल्या घरात झाडं लावायची पांढरी प्लास्टिकची पेटी, तळाशी पाण्याची टाकी, टाकीत सोडलेल्या कापडाच्या वाती, वर नारळाचा भुसा आणि त्याच्याही वर जांभळट दिवा. पाणी वातींमधून आपोआप वर चढतं, घालावं लागत नाही. टाकी रिकामी होत आली की पेटी बारीक शिट्टी वाजवते. मी घरूनच काम करते. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहिते, म्हणजे दिवसभर अनोळखी लोकांची माफी मागते. समोर भिंत असते. भिंतीपुढे काहीतरी जिवंत हवं होतं, इतकंच. कारण कुणी विचारलं नाही, बरं झालं.

आईने मात्र पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "धान नाही, मिरची नाही, लाईट पिऊन जगणारं झाड आणलं पोरीनं." शेजारच्या काकू जांभळा उजेड बघून विचारून गेल्या की आत डीजे लावला आहे का.

रोपं पाचगणीकडून कुरिअरने आली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मुळांची झिपरी झालेली, प्रत्येकाला दोन-तीन मरगळलेली पानं. त्या वेळी माझी मीटिंग चालू होती, म्हणून आईनेच ती लावली. आई दिघोरीची. लहानपणापासून तिने रोवणी केली आहे, म्हणजे धानाचं पऱ्हं एका बांधीतून उपटून दुसऱ्या बांधीच्या चिखलात लावणं. अंगठा आणि दोन बोटं, एक झटका, रोप आत. तिच्याइतक्या झपाट्याने लावणारी बाई मी पाहिलेली नाही. तिने स्ट्रॉबेरीही तशीच लावली. अंगठ्याने दाबून, खोल, नुसती पानांची टोकं वर.

स्ट्रॉबेरीला ते चालत नाही. जिथून पानं फुटतात तो गड्डा भुशाच्या वरच राहावा लागतो, नाहीतर सडतो. मीटिंग संपवून आले तेव्हा मला हे माहीत होतं, पण आई हात धूत होती आणि खूश होती. पानं पिवळी पडायला लागली तशी मी तिला दाखवली. ती म्हणाली, "उपटलेलं पऱ्हं आधी पिवळंच पडते. मंग धरते."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. लग्नानंतर ताईचा पहिल्यांदा रडत फोन आला, तेव्हा आई फोनवर हेच बोलली होती.

अर्धी रोपं सडली. ती उपटताना गड्डे बोटांत चिखलासारखे फुटले आणि खोलीभर घाण वास पसरला. त्याच आठवड्यात ताई आली. हातात एक पिशवी, ओठ फाटलेला, एक डोळा काळानिळा. कारध्याहून बसने भंडाऱ्याला, तिथून तुमसर, तिथून चिखला. इतक्या बसमधल्या लोकांनी तो डोळा पाहिला असेल, याचाच आईला जास्त त्रास झाला. बाबा ड्यूटीवरून आले, तिच्याकडे बघितलं, आंघोळ केली, जेवायला बसले आणि म्हणाले की दोन-चार दिवस राहू दे.

ताई माझ्या खोलीत झोपू लागली. पहिल्याच सकाळी पेटीने शिट्टी वाजवली. बारीक, पक्ष्यासारखी. ताई दचकून भिंतीला चिकटली आणि डोकं झाकायला तिने हात उचलले. ते छातीपाशीच अडकले. मग तिने हात तिथेच ठेवले आणि डोकं खाली आणून त्यांच्यात घातलं.

मी टाकीत पाणी ओतलं. शिट्टी थांबली. 

त्यानंतर मी बघत राहिले. ती वेणी घालताना मान गुडघ्यांपर्यंत वाकवायची. कपडे वरच्या तारेवर न टाकता कुंपणावर वाळत घालायची. साखरेचा डबा वरच्या फळीवर असला तर बिनसाखरेचा चहा प्यायची. मी डबा खाली ठेवला. पेटीही मांडणीच्या मधल्या कप्प्यावरून खालच्या कप्प्यावर आणली. ती लोखंडी मांडणी माझ्याच खोलीत होती. खोलीत प्लग एकच, तोही दारामागच्या स्विचबोर्डावर, जुन्या क्वार्टरमध्ये असतो तसा डोक्याइतका उंच. तिथून एक्स्टेन्शनची वायर भिंतीच्या कडेने यायची आणि तिचा बोर्ड फरशीवरच पडलेला असायचा.

वाचलेल्या रोपांना पानं फुटली, मग फुलं आली. पहिली फुलं तोडायची असतात, म्हणजे झाडाची ताकद मुळांत जाते. हे मी ताईला वाचून दाखवलं. ती नखांनी एकेक फूल खुडू लागली आणि खुडता खुडता सांगू लागली. माझ्याकडे न बघता, फुलांकडे बघून. नवरा सांडशीने मांडीला चिमटा काढायचा. चार्जरच्या वायरने पाठीवर. भात थोडा कच्चा राहिला म्हणून गरम भाताचं पातेलं पायावर उपडं केलं. आणि एकदा, ती कुणा परक्या पुरुषाला फोन लावते आहे असं वाटून, दोन्ही हात मागे पिरगाळून खाटेच्या पायाला बांधले आणि पाठीवर पाय ठेवून ओढले. पुरुष कुणी नव्हता. तिने मलाच फोन लावला होता.

"आवाज आला होता," ती म्हणाली. "कोंबडीची तंगडी तोडताना येते ना, तसा."

तिने शेवटचं फूल तोडलं आणि सगळी फुलं मुठीत धरून बाहेर नेऊन टाकली.

हे आईला सांगू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आईला माहीत आहे. आईचा पुढचा एक दात नाही. तो कसा पडला हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण आम्ही दोघी त्या वेळी शाळेत जाण्याइतक्या मोठ्या होतो. बाबा वाईट नाहीत. मला इंग्रजी शाळेत घालायला त्यांनी ओव्हरटाइम केला. त्यांचा हात उठायचा आणि मग ते बाजारातून जिलबी आणायचे. त्यांच्या हिशेबाने हे सगळं त्याच मापातलं होतं.

दुसऱ्या वेळची फुलं ठेवली. घरात मधमाशी नसते, म्हणून फुलांतले परागकण आपणच फिरवावे लागतात. ताईने माझा काजळाचा जुना ब्रश धुऊन घेतला आणि रोज सकाळी बुटक्या मोढ्यावर बसून एकेका फुलात तो गोल फिरवू लागली. बाबा एकदा दारातून बघत म्हणाले की ब्लास्टिंगने हलतात की फुलं, ब्रश कशाला. ताई हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. फळं धरली. हिरवी, मग पांढरट, मग एक लाल व्हायला लागलं. अजून एक दिवस, असं म्हणत ती ते तोडत नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं की रविवारी भाऊजी येणार, सोबत त्यांचे मामा, आणि ताईचं लग्न जुळवणारे काकाही असतील. काका म्हणजे बाबांचे खाणीतले जोडीदार, लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून रोज खाली उतरणारे. बाबा ताईला म्हणाले, "बॅग भरून ठेव. चार लोकांत तमाशा नको."

ताईने बॅग भरली नाही. मी विचारलं, तू जाणार का? ती म्हणाली, "मी गेली तर परत नाही येणार, बाई. मले तिथून उचलून आणा लागन."

रविवारी आईने कोंबडी शिजवली. जावई कसाही असो, जावईच. भाऊजी आले तेव्हा दारात बादली आणि तांब्या ठेवला होता. त्यांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि ओल्या पायांनीच आत आले. भिंतीवरच्या दोन फोटोंना हात जोडले. बाबांच्या पाया पडले. पांढरा शर्ट, केसांना तेल, आवाज मऊ. माझी चौकशी केली, कंपनी कशी चालली म्हणून. मी ठीक म्हणाले. त्यांच्यासमोर माझ्या घशातून एवढाच शब्द निघतो.

बोलणं पुढच्या खोलीत झालं. आम्ही दोघी आतल्या माझ्या खोलीत, दार अर्धं उघडं. मामा म्हणाले की एका हाताने टाळी वाजत नाही. काका म्हणाले की पोरगी शिकलेली आहे, जरा तोंडाळ असेल. भाऊजी म्हणाले की एक थापड मारली हे खरं, पण तिने त्यांच्या आईला उलट उत्तर दिलं होतं. एक थापड. बाबा म्हणाले, माणूस आहे, कधी हात उठतो.  आईच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती पोहे वाढत होती.

मग भाऊजींनी विचारलं की तिच्याशी दोन शब्द बोलू का, आणि बाबा म्हणाले, अहो बोला, तुमचीच आहे.

ते आत आले. दार त्यांनी ढकलून लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. आधी त्यांची नजर जांभळ्या उजेडाकडे गेली. वाकून त्यांनी ते लाल फळ तोडलं, तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाले, "आंबट आहे." देठ फरशीवर थुंकला.

"चाल. सामान घे."

ताईने मान हलवली. नाही.

थापड अशी बसली की ताईचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. मी मध्ये गेले. मी असं काही केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्यांनी मला एका हाताने बाजूला फेकलं. माझी भुवई दाराच्या चौकटीवर फुटली आणि एका डोळ्यात रक्त आलं. पुढचं सगळं मी एका डोळ्याने पाहिलं. ताई मांडणीच्या पलीकडे सरकली. भाऊजींनी मांडणी दोन्ही हातांनी धरली आणि तिच्या अंगावर ढकलली. माझी पुस्तकं, डबे, तिचा पावडरचा डबा, सगळं कोसळलं. पेटी उलटली. टाकीतलं सगळं पाणी फरशीवर पसरलं. ताई दाराजवळच्या कोपऱ्यात निसटली. मांडणी भिंतीला अडून तिरकी राहिली, आणि तिचा एक पाय वायरवर आला.

वायर कापली गेली.

भाऊजींच्या घशातून एक आवाज निघाला. तो माणसाचा नव्हता. त्यांचे हात लोखंडाला चिकटले, पाय पाण्यात, दात घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा बाहेर. सगळं अंग थरथरत होतं, आणि मांडणीही त्यांच्याबरोबर थरथरत होती. दार उघडून बाबा आणि काका आले. काका ओरडले, हात नका लावू कोणी. ते दोघं, रोज बारूद भरणारे, उंबऱ्यावर नुसते उभे. भिंतीवरचा स्विचबोर्ड त्यांनी उघडलेल्या दारामागे झाकला गेला होता.

ताई त्या स्विचबोर्डाच्या सगळ्यात जवळ होती. ती भाऊजींकडे बघत होती. किती वेळ, सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मग तिने कोपऱ्यातला कोळ्याची जाळी काढायचा झाडू उचलला, कमरेपाशी धरूनच त्याचा बांबू वर केला आणि टोकाने बटण पाडलं.

भाऊजी पाण्यात पडले. शुद्धीत होते. तळहातांवर मांडणीच्या कडेच्या रेषा जळून उमटल्या होत्या. लोकांनी त्यांना पुढच्या खोलीत नेलं, पाय चोळले, पाणी पाजलं. त्यांचा श्वास जागेवर आला. मामांनी घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा. म्हणत होती का नाही जात म्हणून? नवऱ्याचा जीव वाचवला पोरीनं. यालेच संसार म्हणते."

काका म्हणाले की आता बोलायचं काही राहिलंच नाही. बाबांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. ते आतल्या खोलीच्या दारात आले. ताई बसून फडक्याने फरशी पुसत होती. गालावर पाच बोटं उठलेली. ते हळू म्हणाले, "भर मग सामान. झालं गेलं सोडून दे."

ताईने फडकं बादलीत पिळलं. उठली, पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि मामांशी बोलली. आवाज चढवला नाही.

"मामाजी, कुत्रं चिकटलं असतं तरी मी बटन बंद केलं असतं."

 मग भाऊजी उठायला लागले. जळलेला हात खुर्चीवर टेकला आणि कळवळले. सकाळपासूनचा मऊ आवाज गेला. म्हणाले, "तुले पाय तोडून नेईन मी. बापासमोर नेईन." बाबा बाजूलाच उभे होते. त्यांच्याच घरात, त्यांनीच लावलेल्या त्या दोन फोटोंखाली.

आई स्वयंपाकघरातून आली. तिने कुणाकडे बघितलं नाही. दारातल्या भाऊजींच्या चपला उचलल्या, अंगणातून फाटकापर्यंत गेली आणि एकेक करून रस्त्यावर भिरकावल्या. दुसरी चप्पल शेजारच्या काकूंच्या नळाला लागली. मग परत येऊन ती माझ्या भुवईवर हळद दाबत बसली. तिचा हात इतका जोरात दाबत होता की मला ओरडावंसं वाटलं. कोंबडी कुणी खाल्ली नाही.

ते गेले. काकाही त्यांच्यासोबत गेले. त्यानंतर काका पिंजऱ्यात बाबांच्या शेजारी उभे राहत नाहीत, असं कळलं. बाबा घरी कुणाशी बोलेनासे झाले. जेवायचे, ड्यूटीवर जायचे. ताईला परत पाठवणार का, हे ते म्हणत नव्हते, आणि विचारायची हिंमत कुणात नव्हती. भाऊजी दोनदा मोटरसायकल घेऊन आले. फाटकासमोर इंजिन गरगरवत उभे राहायचे, शिव्या द्यायचे, निघून जायचे. एकदा त्यांचा दगड कौलावर पडला. ताई रात्री कपडे घालून, पिशवी उशाशी घेऊन झोपायची. पळून जाण्यासाठी की नेलं तर सोबत असावी म्हणून, मला कळत नव्हतं.

पेटी फुटली नव्हती. एका कोपऱ्याला तडा होता, तो मी प्लास्टिक चिकटवायच्या डिंकाने भरला. पडलेल्या रोपांपैकी काहींची मुळं शाबूत होती. आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने एक रोप घेतलं, अंगठा लावला आणि थांबली. गड्डा दोन बोटांत धरून मला विचारलं, "इतकं वर?" मी म्हटलं, हो, इतकं वर. तिला ते पटलेलं दिसत नव्हतं. पण तिने तसंच लावलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी बाबा कुणाकडून तरी ड्रिल मशीन घेऊन आले. सोबत नवा बोर्ड, जाड वायर, पट्ट्या. माझ्या खोलीत शिरले, मांडणी एकट्याने ओढून दुसऱ्या भिंतीला लावली आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. बोर्ड यापुढे फरशीवर राहणार नाही, एवढंच म्हणाले. खूण त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होती. पाणी सांडलं, पूर आला, तरी तिथपर्यंत पोचलं नसतं.

खाणीतला माणूस भिंतीत भोक पाडतो तेव्हा भिंतीची दया करत नाही. ड्रिलचा आवाज डोक्यात घुसत होता. चुन्याची पांढरी धूळ जांभळ्या उजेडात उडत होती आणि पानांवर बसत होती. ताई दारात उभी होती, कानांवर हात न ठेवता. दचकत नव्हती. भोक पूर्ण झालं. बाबांनी भोकात लाकडी गुट्टी ठोकली, पट्टी धरली, स्क्रू तोंडात धरला.

"बाबा," ताई म्हणाली. "खाली लावा थोडा."

"काहून?" त्यांनी तोंडातल्या स्क्रूसकट विचारलं.

"माहे हात तेवढे वर नाही जात."

बाबा वळले. तिने दाखवलं. उजवा हात उचलला, तो छातीशी थांबला. डावा खांद्यापर्यंत आला आणि लटपटायला लागला. तिने तो तसाच धरून ठेवला, बाबांना नीट दिसेपर्यंत.

बाबा त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या जाळ्याच्या झाडूवर गेली, आणि तिथे बराच वेळ थांबली. तोंडातला स्क्रू काढून त्यांनी खिशात टाकला. खाली खाणीत दुसऱ्या शिफ्टचं ब्लास्टिंग झालं. ताटं खणखणली. आम्ही तिघंही हललो नाही.

"कुठपर्यंत जाते?" त्यांनी विचारलं.

ताई भिंतीपाशी गेली. बोट टेकवलं. कमरेच्या जरा वर.

बाबांनी तिच्या बोटाशेजारी पेन्सिल टेकवली, तिचं बोट हळूच बाजूला केलं आणि ड्रिल पुन्हा चालू केलं. या वेळी त्यांनी मशीनवर पूर्ण अंगाचा भार दिला. विटेचा चुरा त्यांच्या तोंडावर उडत होता, तरी डोळे मिटत नव्हते. भोक हवं त्यापेक्षा खोल गेलं तरी ते थांबले नाहीत. शेवटी ताईनेच दारामागे जाऊन मशीनची वायर खाली ओढून प्लग काढला.

आता पेटी त्या खालच्या बोर्डावर चालते. शिट्टी वाजली की ताई पाणी ओतते. वरचं भोक बाबांनी बुजवलेलं नाही.